टर्बो काढून बोलेरो साधी करायची का? आधी टर्बो कशाने गेला ते शोधा

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. (टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वाफेवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा.) गाडी बोलेरो डीआय टर्बो, २०१० ची, मीटरवर सव्वादोन लाख किलोमीटरच्या वर. पिकअप गेला आहे, लोड असला की चढावर काळा धूर, सकाळी चालू केल्यावर निळा धूर, ऑइल कमी होतं आणि टर्बोची शिट्टी आधीपेक्षा मोठी झाली आहे. तालुक्याच्या मिस्त्रीने होज काढून टर्बोचा शाफ्ट हलवून दाखवला आणि म्हणाला, "काढून फेका भाऊ, टेन्शनच खतम. सरळ पाइप टाकू, हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या चार पाइपांचा जोड) बनवून देतो, अडीच इंची सायलेन्सर लावू. गाडी पळंल आणि अ‍ॅव्हरेजबी वाढंल." यांच्या वडिलांची जुनी महिंद्रा कमांडर जीप टर्बोशिवाय जन्मभर चालली, मग बोलेरो का नाही चालणार, असा यांचा सवाल.

भाऊ, मी याच जिल्ह्यात डिझेलचं काम करतो. सुमो, बोलेरो, पिकअप, ट्रॅक्टर, कापसाच्या सिझनमध्ये जे दारात येईल ते. टर्बो काढलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यातल्या काहींचा मीच काढून दिला आहे. त्यामुळे होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या गाडीचा टर्बो गेला हे मिस्त्रीने पाहिलं, तो कशाने गेला हे अजून कोणीच पाहिलेलं नाही. टर्बो आपल्या मनाने क्वचितच मरतो. त्याला कोणीतरी मारतं: ऑइल, धूळ, नाहीतर खालून इंजिन. ते कारण आत तसंच राहिलं तर टर्बो काढण्याचे पैसे जातील आणि निळा धूर जागच्या जागी राहील.

आता हे सगळं गाडी कोणती यावर अवलंबून आहे. माझ्या लेखी तीन प्रकार.

इंजिन मुळात साधं आणि टर्बो नंतर कोणीतरी हौसेने चढवलेला, हा पहिला. प्यूजो इंजिनच्या जुन्या जीप किंवा सुरुवातीच्या १९४८ सीसीच्या सुमोंमध्ये असे प्रयोग दिसतात. अशा गाडीचा टर्बो काढायला मी एका पायावर तयार असतो. आतले पिस्टन, हेड गॅस्केट, रेडिएटर सगळं साध्या इंजिनाच्या हिशोबाचं. त्या इंजिनांचं कंप्रेशन, म्हणजे हवा दाबायचं प्रमाण, आधीच विसाच्या वर. त्यावर बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, चढवला की आज ना उद्या हेड गॅस्केट उडतं, नाहीतर हेडला चीर जाते. तिथे गाडी परत मूळपदावर आणणं हीच दुरुस्ती.

तुमची गाडी दुसऱ्या प्रकारातली. टर्बो कंपनीतूनच आलेला, पण डिझेल पंप मेकॅनिकल, कॉम्प्युटर नाही. इथे टर्बो काढता येतो, गाडी चालते, पण काय गमवायचं ते माहीत असायला पाहिजे. त्यावर पुढे बोलतो.

कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने डिझेल सोडणाऱ्या गाड्या, हा तिसरा प्रकार: स्कॉर्पिओ एमहॉक, इनोव्हा, अलीकडच्या बोलेरो. यांच्या टर्बोला काढायच्या हिशोबाने हातच लावू नका. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, बूस्ट मोजत असतो. बूस्ट आला नाही की तो डिझेल तोडतो, दिवा लावतो आणि गाडी बैलगाडीच्या चालीवर आणून ठेवतो. बीएस-६ गाडीत धुराचा फिल्टरही याच हिशोबात बांधलेला. आणि गंमत म्हणजे अशा गाड्यांत "टर्बो गेला" म्हणून येणाऱ्या कितीतरी केसेसमध्ये टर्बो ठणठणीत असतो. एमहॉकच्या टर्बोतल्या पात्या व्हॅक्यूमवर हलतात. त्या व्हॅक्यूमची बोटाएवढीही जाड नसलेली रबरी नळी उंदराने कुरतडलेली असते. कापूस भरलेल्या गोठ्यात गाडी उभी केली की उंदीर बोनेटखाली संसार मांडतोच. नळीचा तुकडा बदलला की गाडी परत धावते.

आता तुमच्या बोलेरोवर येऊ. हे इंजिन २५२३ सीसीचं, ताकद ६३ हॉर्सपॉवर, टॉर्क १८० न्यूटन-मीटर, तोही १५०० आरपीएमच्या आसपास. म्हणजे गाडी खालच्या रेसवर ओढते, हीच तिची खासियत. ही ओढ टर्बोमुळे आहे. टर्बो अर्धा-पाऊण बार दाब देत असेल तर सिलिंडरमध्ये साध्या इंजिनाच्या जवळपास दीडपट हवा जाते. एक किलो डिझेल पुरतं जाळायला कागदावर साडेचौदा किलो हवा लागते. धूर न मारता जाळायचं तर अठरा-वीस किलो तरी हवी. हवा दीडपट म्हणून डिझेलही तेवढं जास्त टाकता येतं, म्हणून ताकद.

टर्बो काढला की हवा एकदम कमी होते. पंप मात्र तेवढंच डिझेल द्यायला बसलेला असतो. हवा नाही आणि डिझेल आहे, याचा पहिला अर्थ काळा धूर. पण धूर ही दिसणारी गोष्ट झाली. न दिसणारी अशी की सायलेन्सरकडे जाणारा जाळ जास्त गरम होतो, पिस्टनचा माथा तापतो, काजळी पिस्टनच्या रिंगांमधून ऑइलमध्ये उतरते. ऑइल चार दिवसांत डांबरासारखं काळं आणि जाड. असंच वर्षभर लोड ओढलं तर बोअर-पिस्टनचं काम निघतं.

काही पंपांच्या डोक्यावर एक डायाफ्रामची डबी असते आणि तिला मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातून) हवेची नळी येते. बूस्ट आला की ती डिझेल वाढवते. असा पंप असेल तर टर्बो काढल्यावर डिझेल आपोआप कमीच राहतं, धूर फार होत नाही, फक्त गाडी मेल्यासारखी चालते. मग मिस्त्री काय करतो, तर फुल लोडचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देतो. दोन दिवस गाडी बरी वाटते आणि वरची सगळी कहाणी सुरू होते. त्या स्क्रूला गॅरेजमध्ये अंदाजाने हात लावू देऊ नका. पंप काढून यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरला टेस्ट बेंचवर लावायचा आणि विना-टर्बोच्या हिशोबाने डिझेल बसवून आणायचं. हा खर्च तुमच्या मिस्त्रीच्या हिशोबात धरलेला आहे का, ते विचारा. बहुतेक नसतो.

डिझेल नीट बसवल्यावर किती ताकद राहील? माझ्या अंदाजाने चौथा हिस्सा तर जातोच, कधी त्याहून जास्त. वडिलांच्या कमांडरशी तुलना इथेच चुकते. तिचं २११२ सीसीचं प्यूजो इंजिन तुमच्या इंजिनापेक्षा बरंच जास्त फिरायचं आणि क्राउन-पिनियनचा (मागच्या एक्सलच्या गिअरचा) रेशोही ओढायच्या हिशोबाचा होता. ती हळू चालायची, पण गिअर आणि इंजिन एकमेकांना साजेसे होते. तुमच्या बोलेरोचे गिअर टर्बोची ओढ धरून दिलेले आहेत आणि इंजिन ३२०० च्या पुढे फिरायला बनलेलंच नाही. टर्बो काढल्यावर ती पाचव्यात सपाट रोडवरही अडखळेल. चौथ्यात चालवाल, रेस वाढेल, आणि अ‍ॅव्हरेज वाढायच्या ऐवजी घटेल. टर्बो सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वाफेवरच फिरतो. तो काढून डिझेल वाचतं हे गणित मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. २५ अंशाच्या हवेपेक्षा ४५ अंशाची हवा साधारण सहा टक्के विरळ असते. टर्बो ही कमी बऱ्यापैकी भरून काढतो, साधं इंजिन नाही काढत. चिखलदऱ्याला जायचं काम पडलं तर तिथली उंची ११०० मीटरच्या आसपास, तिथे आणखी दहाएक टक्के हवा कमी. मे महिन्यात पूर्ण सवारी भरून परतवाड्याहून वर चढायला निघालात तर टर्बो काढलेल्या बोलेरोचं काय होईल, ते तुम्हीच बघा.

आता सायलेन्सरचा विषय. "पाइप मोकळा केला की इंजिन मोकळं होतं" हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंही टर्बोच्या गाडीसाठी. टर्बोनंतरच्या पाइपात दाब कमी असेल तर टर्बो लवकर फिरतो, म्हणून तिथे मोठ्या पाइपाचा थोडा फायदा दिसतो. पण तुम्ही तर टर्बो काढताय. जो कंपनीचा पाइप टर्बोची दीडपट हवा बाहेर टाकत होता, तोच पाइप टर्बो काढल्यावर कमी हवेला आपोआप मोठा झाला. मग अडीच इंची कशाला? ३२०० आरपीएमच्या डिझेलला त्यातून आवाजाशिवाय काहीही मिळणार नाही. हेडरचंही तेच. चार पाइपांची लांबी जुळवून वाफेची लाट कामाला लावायची ही करामत जास्त रेसच्या पेट्रोल इंजिनाची. खालच्या रेसच्या डिझेलला तसा फायदा पाहिजे तर पाइप इतके लांब करावे लागतील की ते बोनेटखाली मावणारच नाहीत.

उलट गावातल्या वेल्डिंगच्या हेडरला दोन दुखणी हमखास. आपल्या रोडवर इंजिन हलतं, पाइप चेसिसला घट्ट बांधलेला असतो, मध्ये जाळीचा फ्लेक्झिबल तुकडा नसतो, त्यामुळे फ्लँजजवळ वेल्डिंग तडकते आणि फट्-फट् सुरू होते. दुसरं जास्त वाईट. सरळ केलेला पाइप खाली लोंबतो आणि मधला सायलेन्सर काढल्यामुळे मागपर्यंत गरम राहतो. वावरात पऱ्हाट्यांच्या नाहीतर वाळल्या गवताच्या वर गाडी उभी केली, तर फेब्रुवारी ते मे मध्ये हा विषय थट्टेचा नाही. पाइप ब्रेकच्या होजजवळून किंवा डिझेलच्या नळीजवळून नेलेला असेल तर तो तसाच परत करायला लावा.

सायलेन्सरमध्ये खरंच बघायची एकच गोष्ट आहे: तो जाम आहे का. जुन्या गाडीत आतली जाळी-पडदे सडून तुटतात आणि तोंडाशी अडकतात. टर्बोनंतरचा जोड थोडा मोकळा करून गाडी चालवून बघा. आवाज होईल, पण पिकअप एकदम सुधारला तर दोष सायलेन्सरचा. मग कंपनीच्या मापाचा नवा लावा, तेवढं पुरतं.

आता मूळ मुद्दा, टर्बो कशाने गेला. हे मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने सांगतो, कारण पहिल्या दोन गोष्टींना पाना-स्क्रूड्रायव्हरशिवाय काही लागत नाही.

गाडी थंड असताना फिल्टरकडून टर्बोला येणारी होज काढा. आत बोट फिरवा. ऑइलचा पातळ थर असेल तर घाबरू नका, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेवढं येतंच. पण बोटाला धूळ आणि ऑइलचा चिखल लागला, तर बाहेरची हवा फिल्टरला चुकवून आत जात आहे. क्लॅम्प सैल असेल, होजच्या खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, चीर असेल, किंवा फिल्टरची रबरी कड बसलेली नसेल. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आहे, वणीकडे गेलात तर त्यात कोळशाची पूड, सोयाबीनच्या मळणीत भुसा. टर्बोची चाकं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. त्या वेगाला धूळ पात्यांच्या कडा रेतीच्या कागदासारख्या खाते. पात्यांच्या कडा बोथट, खडबडीत दिसल्या तर टर्बोचा मारेकरी तिथेच सापडला. आणि तीच धूळ पुढे सिलिंडरमध्येही गेलेली आहे, हे ध्यानात ठेवा.

तिथेच शाफ्ट हलवून बघा. वर-खाली, आडवा थोडासा हलला तर ते बरोबर आहे, कारण शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो आणि थंड, बंद गाडीत तो थर नसतो. नवीन टर्बोचाही शाफ्ट थोडा हलतो. कितीतरी चांगले टर्बो एवढ्यावरच भंगारात गेले आहेत. बघायचं ते असं: हलवताना पात्या घराला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, टेकतात का, आणि शाफ्ट पुढे-मागे सरकतो का. पुढे-मागे सरकणं हाताला जाणवलं तर तो गेला. मिस्त्रीने यातलं काय दाखवलं ते त्याला विचारा.

मग ऑइलची नळी. इंजिनापासून टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी आणि तिचा बोल्ट, ज्याला मध्ये बारीक भोक असतं. तो बोल्ट उघडून उजेडाकडे धरा. चांगल्या गाडीत भोकातून उजेड सरळ दिसतो. खराब गाडीत तिथे काळ्या कोळशाची गुठळी असते आणि तारेने टोचली की खपलीसारखी निघते. असा कोळसा होतो कारण घाईत चालवून गाडी एकदम बंद करतात. लालभडक टर्बोमध्ये अडकलेलं ऑइल तिथेच जळतं. ऑइल वेळेवर न बदलणं हे दुसरं कारण. तिसरं कारण मिस्त्री लोकांचं: फ्लँजला गॅस्केटऐवजी सिलिकॉन थापायचं. ते आत फुगून येतं, सुटतं आणि नळीत अडकतं. मी उघडलेल्या एका टर्बोच्या तोंडाशी करड्या सिलिकॉनचा तांदळाएवढा तुकडा होता. तेवढ्याने पूर्ण टर्बो गेला होता.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या निळ्या धुराशी थेट जोडलेलं आहे. टर्बोमधून ऑइल परत खाली इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये जातं ते पंपाने नाही, आपल्या वजनाने. चेंबरमध्ये दाब असेल तर ते खाली उतरत नाही, टर्बोमध्येच तुंबतं आणि सीलमधून हवेच्या किंवा सायलेन्सरच्या बाजूला गळतं. चेंबरमध्ये दाब कुठून येतो? घासलेल्या रिंगांमधून. म्हणून इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. जरा थरथरलं तर चालतं. नाचायला लागलं, उडून पडलं, डिपस्टिक वर सरकत असेल, ब्रीदरमधून रेल्वेच्या इंजिनासारखा धूर येत असेल, तर दोष टर्बोचा कमी आणि रिंगांचा जास्त. अशा इंजिनावर नवा टर्बो बसवला तरी तो महिन्याभरात ऑइल टाकायला लागेल आणि गिऱ्हाईक दुकानदाराला शिव्या देईल. टर्बो काढला तरी ऑइल रिंगांमधून जळतच राहील. झाकणाची ही चाचणी करण्याआधी ब्रीदरची नळी साफ आहे का तेवढं मात्र बघा. ती चोंदली तरी असाच दाब होतो, आणि ते काम फुकटात होतं.

हे तपासेपर्यंत एक काळजी घ्या. पात्या घराला टेकत असतील तर ती गाडी चालवूच नका. पातीचा तुकडा तुटून इंजिनात गेला तर पुढचं बोलायलाच नको. आणि टर्बो जास्त ऑइल टाकत असेल तर इंजिन त्या ऑइलवरच धावायला लागतं. चावी काढली तरी बंद होत नाही, रेस आपोआप चढत जाते, अंगणभर पांढरा-निळा धूर. डिझेल तोडून उपयोग नाही, कारण ते डिझेलवर चालतच नसतं. अशा वेळी गाडीत बसलेले असाल तर ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, इंजिन गुदमरून बंद पडेल. बाहेर असाल तर हवेच्या तोंडावर लाकडी पाट किंवा पत्र्यासारखं सपाट काहीतरी दाबता आलं तर दाबा. हात लावू नका, फडकं लावू नका, ते आत ओढलं जातं. तेही जमलं नाही तर लांब उभे राहा. इंजिन गेलं तर गेलं.

तपासणीतून काय निघतं त्यावर निर्णय असा. झाकण शांत, पात्या खराब, नळी चोंदलेली: टर्बोची कोअर बदला. पूर्ण टर्बो घ्यायची गरज नसते, घर चांगलं असेल तर आतला शाफ्ट-बेअरिंगचा गाभा तेवढा मिळतो आणि तो नव्या टर्बोपेक्षा बराच स्वस्त पडतो. झाकण नाचतंय: आधी इंजिनचं काम, मग टर्बो. टर्बो चांगलाच निघाला: होज, क्लॅम्प, एअर फिल्टर, नोझल टेस्टिंग, आणि काळा धूर तिथेच सुटतो. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) असेल तर तोही बघा. कापसाच्या सिझनमध्ये जिनिंगच्या आसपास फिरणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरवर आणि इंटरकूलरवर रुईची गोधडीच बसलेली असते. आतून मागच्या बाजूने हवा मारली की पसाभर निघते.

एवढं सगळं वाचूनही टर्बो काढायचाच असेल, आणि तशी परिस्थिती असू शकते हे मी मान्य करतो. गाडी फक्त घर ते वावर आणि आठवडी बाजार चालते, लोड नाही, लांबचा प्रवास नाही, इंजिन म्हातारं आहे, खिशात पैसा नाही, दोन वर्षं काढायची आहेत. अशा गाडीला मी स्वतः नाही म्हणत नाही. पण मग काम अर्धवट नको.

टर्बोचं घर जागेवर ठेवून आतली चाकं काढायची आणि भोक बुजवायचं, हा जुगाड नको. टर्बोच्या घराचा गळा मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो, वाफेचा वेग वाढवायला. चाक काढलं तरी गळा तेवढाच राहतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. महिंद्राच्या जुन्या डीआय गाड्यांत याच घराण्याचं विना-टर्बो इंजिनही आलेलं आहे. त्याचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड भंगारात शोधा आणि घ्यायच्या आधी तुमच्या हेडचं गॅस्केट त्यावर ठेवून भोकं जुळतात का बघा. हेडरपेक्षा हे ओतीव मॅनिफोल्ड स्वस्त आणि मजबूत. टर्बोला जाणारी ऑइलची वाट इंजिनाच्या ब्लॉकलाच बंद करा, योग्य आट्याचा बोल्ट आणि तांब्याचं वायसर लावून. नळी ठेचून, दुमडून बंद केलेली मी पाहिली आहे. ती रोडवर सुटली की दोन-चार मिनिटांत ऑइल प्रेशर शून्य आणि इंजिन जाम. परतीचं भोकही नीट प्लेट लावून बंद. इंटरकूलर काढून फिल्टर ते मॅनिफोल्ड जाड भिंतीची, आत न चेपणारी होज टाका. एअर फिल्टर कंपनीचाच राहू द्या. पंप बेंचवर. सायलेन्सर कंपनीच्या मापाचाच. आणि त्यानंतर गाडीत पाचपेक्षा जास्त माणसं आणि वर सोयाबीनची पोती, असला प्रकार बंद. थंडीत सकाळी चालू व्हायला जरा कुरकुर करेल, कारण टर्बोच्या इंजिनाचं कंप्रेशन बहुधा साध्या इंजिनापेक्षा कमी ठेवलेलं असतं. बॅटरी आणि ग्लो प्लग असतील तर ते चांगले ठेवा.

कागदांचंही बघा, कारण गावात हे कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजाला आणि धुराला कलम १९० लागतं, तिथे पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पीयूसीला बीएस-४ च्या आधीच्या डिझेलची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराच्या काळेपणाचं माप) आहे. टर्बो काढून डिझेल न घटवलेली गाडी तिथे नापास होते. तुमची गाडी २०१० ची, म्हणजे पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन रिन्यूअल आणि त्याची तपासणी आलीच. यवतमाळच्या (एमएच-२९) आरटीओ ऑफिसात आधी विचारून घ्या, मग गाडी उघडा. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाने बोनेट उघडून टर्बोच्या जागी मोकळा पाइप पाहिला, तर क्लेम अडकवायला त्याला आयतं कारण मिळतं.

आणि कोअर बदलायची ठरली, तर मिस्त्रीच्या बाजूला उभे राहा. ऑइल आणि ऑइल फिल्टर नवीन, ऑइल १५डब्ल्यू-४०. ऑइलची बारीक नळी आणि भोकाचा बोल्ट नवीनच टाका, साफ करून जुना नको. फ्लँजला गॅस्केट, सिलिकॉन नाही. बसवताना टर्बोच्या ऑइलच्या तोंडात तेलपात्राने ऑइल ओतायचं आणि चाक बोटाने फिरवायचं. मग डिझेल बंद ठेवून सेल मारायचा, परतीच्या नळीतून ऑइल येताना दिसलं की मगच ती जोडायची आणि गाडी चालू करायची. पहिली पाच मिनिटं रेस द्यायची नाही. पोरगं गाडीत बसून रेस वाढवायला लागलं तर चावी तुमच्या खिशात ठेवा. नंतर रोजच्या वापरात लोड ओढून आलात की मिनिटभर आयडलवर चालू राहू द्या, मग बंद करा. जुनी कोअर मात्र मिस्त्रीकडून मागून घ्या. तिच्या पात्या बघितल्या की धुळीने खाल्ली की ऑइलविना जळाली हे लगेच कळतं, आणि ती घेऊन आलात तर मीही बघून सांगेन.